टूलबारचं बटण दाबलं, पुढे काय? सी आणि जीटीके ३ मधले कॉलबॅक, पायरी पायरीने

विंडो उघडली, टूलबार दिसतोय, त्यावर चार बटणंही आली; पण दाबल्यावर काहीच होत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे दाबताक्षणी प्रोग्राम कोसळतो, आणि कंपाइल करताना तर एकही वॉर्निंग आली नव्हती. सी मध्ये जीटीके ३ ही विंडो-बटणांची लायब्ररी वापरून पहिल्यांदा टूलबार करणाऱ्या बहुतेकांची गाडी याच दोन ठिकाणी अडते.

बटण आणि ते दाबल्यावर चालणारं तुमचं फंक्शन (म्हणजेच कॉलबॅक) यांच्यातला सांधा कंपाइलर तपासत नाही, हे त्याचं कारण. तो तुम्हालाच तपासावा लागतो. या लेखातल्या बहुतेक सूचना त्या एका सांध्याभोवतीच आहेत.

उदाहरण म्हणून एक छोटा मजकूर संपादक घेऊ: नवीन, उघडा, जतन करा ही साधी बटणं आणि ठळक हे दाबलेलं राहणारं बटण. नावांबद्दल एक खुलासा: इथे सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत, कोडमध्ये ती रोमन लिपीत टाइप करायची. लायब्ररीची नावं मूळ उच्चाराप्रमाणे आहेत, आपण स्वतः ठेवलेली नावं मराठी आहेत. म्हणजे कुठलं नाव बदलता येईल आणि कुठलं नाही, हे बघताक्षणी कळेल.

१. आधी हाताशी काय हवं

- सी कंपाइलर. जीसीसी किंवा क्लँग, दोन्ही चालतात.
- जीटीके ३ चं डेव्हलपमेंट पॅकेज. डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव लिबजीटीके-३-डेव्ह, फेडोरावर जीटीके३-डेव्हेल. विंडोजवर एमसिस२ मधून बसवणं सगळ्यात कमी त्रासाचं.
- पीकेजी-कॉन्फिग. हेडर फाइल्सचे आणि लायब्ररींचे रस्ते तोच सांगतो. त्याला विचारायचं नाव जीटीके+-३.० असं आहे. मधलं अधिकचं चिन्ह विसरलात तर पॅकेज सापडत नाही म्हणेल.
- जीडीबी, म्हणजे प्रोग्राम थांबवून आत काय चाललंय ते बघायचा डीबगर. आज लागणार नाही, उद्या नक्की लागेल.

कंपाइलच्या ओळीत लायब्ररींचा भाग तुमच्या फाइलच्या नावानंतर लिहा. आधी लिहिला तर काही लिंकर जीटीकेची फंक्शन्स सापडलीच नाहीत अशी लांबलचक यादी देतात, आणि माणूस पॅकेज पुन्हा बसवायला लागतो. पॅकेज ठीक असतं, फक्त क्रम चुकलेला असतो.

२. टूलबार मांडा

हा भाग सोपा आहे. जीटीके_टूलबार_न्यू ने टूलबार तयार होतो, जीटीके_टूल_बटन_न्यू ने बटण, आणि जीटीके_टूलबार_इन्सर्ट ने बटण टूलबारवर जातं. इन्सर्टचा शेवटचा आकडा म्हणजे जागा. उणे एक दिलंत की बटण शेवटी बसतं. आयकॉन द्यायला जीटीके_टूल_बटन_सेट_आयकॉन_नेम वापरा. इंटरनेटवरच्या जुन्या उदाहरणांत 'फ्रॉम_स्टॉक' असं शेपूट असलेलं फंक्शन दिसेल. ते आवृत्ती ३.१० पासून कालबाह्य ठरवलेलं आहे, त्याच्या नादी लागू नका.

बटणाला लेबल मात्र जरूर द्या, आयकॉन पुरेसा वाटला तरी. विंडो अरुंद झाली की न मावणारी बटणं टूलबारच्या टोकाला असलेल्या बाणाखालच्या मेनूत जातात, आणि तिथे त्यांची ओळख लेबलवरूनच पटते. त्या मेनूतून निवडलं तरी बटणाचा तोच क्लिक्ड सिग्नल (बटण दाबल्याची जीटीकेची सूचना) सुटतो, त्यामुळे वेगळा कॉलबॅक लिहावा लागत नाही.

शेवटी जीटीके_विजेट_शो_ऑल हवं. जीटीके ३ मध्ये विजेट (विंडो, टूलबार, बटण असे पडद्यावरचे घटक) जन्मतः लपलेली असतात.

३. कॉलबॅक लिहा

कॉलबॅक म्हणजे तुम्ही लिहिलेलं पण तुम्ही न बोलावलेलं फंक्शन. बोलावतो तो जीटीकेचा मेन लूप (घटनांची वाट बघत सतत फिरणारा लूप), बटण दाबल्यावर. तेव्हा त्या फंक्शनला कोणते आर्ग्युमेंट मिळणार हेही तोच ठरवतो. टूल बटणाच्या क्लिक्ड सिग्नलसाठी आकार असा:

स्टॅटिक व्हॉइड जतन_दाबलं (जीटीकेटूलबटन *बटण, जीपॉइंटर डेटा)

पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे ज्या बटणावर घटना घडली ते बटण. शेवटचं म्हणजे जोडणी करताना तुम्ही दिलेला पॉइंटर, जसाच्या तसा. परत काही द्यायचं नाही.

सुरुवातीला आत फक्त जी_प्रिंट ची एक ओळ लिहा: "जतन दाबलं". फाइल उघडणं, लिहिणं वगैरे नंतर. सांधा जुळला आहे याची खात्री होण्याआधी आतलं काम लिहिलंत, तर दोष सांध्यात आहे की कामात, हे कळायला दुप्पट वेळ जातो.

४. बटण आणि कॉलबॅक जोडा

जोडणी एका ओळीची आहे:

जी_सिग्नल_कनेक्ट (जतन_बटण, "क्लिक्ड", जी_कॉलबॅक (जतन_दाबलं), ॲप);

चार गोष्टी: कुणाचा सिग्नल, कुठला सिग्नल, कोणतं फंक्शन, सोबत काय डेटा (इथे ॲप; तिथे काय द्यायचं ते पाचव्या भागात). आता यातले सापळे.

फंक्शनच्या नावापुढे कंस लावू नका. कंस लावला की ते तिथल्या तिथे बोलावलं जातं. इथे फक्त त्याचा पत्ता द्यायचा आहे. ही चूक निदान कंपाइलर पकडतो.

सिग्नलचं नाव ही साधी स्ट्रिंग आहे. "क्लिक्ड" ऐवजी "क्लिक" लिहिलंत तर कंपाइलरला काही वावगं वाटणार नाही. प्रोग्राम चालू होईल, बटण दिसेल, दाबल्यावर काही होणार नाही. चालू होताना टर्मिनलवर मात्र जीलिब (जीटीकेच्या पायाशी असलेली लायब्ररी) एक वॉर्निंग छापून गेलेला असतो: या प्रकारच्या ऑब्जेक्टला असा सिग्नल नाही. म्हणून शिकत असताना प्रोग्राम नेहमी टर्मिनलमधून चालवा. आयकॉनवर डबल-क्लिक करून चालवणाऱ्याला ही ओळ कधीच दिसत नाही.

आणि मोठा सापळा जी_कॉलबॅक हाच. हा मॅक्रो तुमच्या फंक्शनचा पॉइंटर 'काहीही न घेणाऱ्या, काहीही न देणाऱ्या' फंक्शनच्या पॉइंटरमध्ये बदलतो. कुठल्याही आकाराचं फंक्शन त्यातून निघून जातं. जीसीसीमध्ये चुकीच्या फंक्शन-कास्टबद्दल एक वॉर्निंग आहे खरी, पण नेमका हा प्रकार तिच्यातून मुद्दाम वगळलेला आहे. म्हणजे सगळ्या वॉर्निंग चालू ठेवूनही इथे शांतताच.

याचा फटका कसा बसतो ते विंडो बंद करण्याच्या उदाहरणात दिसतं. विंडोच्या डिलीट-इव्हेंट या सिग्नलचा कॉलबॅक तीन आर्ग्युमेंट घेतो: विजेट, इव्हेंट, डेटा. शिवाय त्याला जीबूलियन परत द्यायचं असतं; ट्रू दिलं तर विंडो बंद होत नाही. समजा 'बाहेर पडा' बटणासाठी लिहिलेलं दोन आर्ग्युमेंटचं फंक्शन तुम्ही आळसाने इथेही जोडलंत. दुसऱ्या जागी आता डेटा नाही, इव्हेंटचा पॉइंटर येतो. तुम्ही तो आपलं स्ट्रक्चर समजून वाचता, फाइलच्या नावाच्या जागी भलतेच बाइट मिळतात, आणि प्रोग्राम कोसळतो तो भलत्याच ओळीवर. नाही कोसळला तरी काही परत न दिल्यामुळे विंडो कधी बंद होते, कधी होत नाही.

त्यामुळे सवय अशी ठेवा: नवा सिग्नल जोडताना त्याच्या दस्तऐवजातला कॉलबॅकचा आकार उघडून बघायचा आणि तोच उतरवायचा. प्रॉपर्टी बदलल्यावर सुटणाऱ्या नोटिफाय सिग्नलला तीन आर्ग्युमेंट लागतात, टेक्स्ट बफरच्या मार्क-सेटला चार. अंदाजाने जमणारी ही गोष्ट नाही.

जाता जाता: जी_सिग्नल_कनेक्ट_स्वॅप्ड नावाचा भाऊही आहे. तो बटण आणि डेटा यांची अदलाबदल करतो, म्हणजे तुमचा डेटा पहिल्या जागी येतो. 'बाहेर पडा' बटण थेट जीटीके_विजेट_डिस्ट्रॉय ला जोडून विंडो बंद करायची असेल तर हाच हवा. साधा कनेक्ट वापरलात तर विंडो तशीच राहते आणि टूलबारवरून बटणच नाहीसं होतं.

५. डेटा: कोणाचा आणि किती काळ टिकणारा

सी मध्ये फंक्शन आजूबाजूचे व्हेरिएबल आपोआप सोबत घेऊन जात नाही. जतन_दाबलं ला मजकूर कुठून घ्यायचा आणि कुठल्या फाइलमध्ये लिहायचा हे कळायचा रस्ता म्हणजे तो शेवटचा जीपॉइंटर. ग्लोबल व्हेरिएबलनेही भागतं, पण दुसरी विंडो उघडायची वेळ आली की ते अंगाशी येतं.

सरळ उपाय: संपादक नावाचं एक स्ट्रक्चर करा. त्यात विंडो, टेक्स्ट व्ह्यू, टेक्स्ट बफर, फाइलचं नाव आणि 'मजकूर बदललाय का' ही खूण ठेवा. त्याचा पॉइंटर सगळ्या बटणांना द्या. कॉलबॅकच्या पहिल्या ओळीत तो परत आपल्या प्रकारात घ्या:

संपादक *स = डेटा;

जीपॉइंटर म्हणजे व्हॉइड पॉइंटरच, आणि त्यातून घेताना सी मध्ये कास्ट लागत नाही. पण पाठवताना आणि घेताना प्रकार एकच आहे ना, हेही कंपाइलर बघत नाही. पाठवलं संपादक, घेतलं विंडो म्हणून, तर तो मुकाट चालू देतो.

इथे सगळ्यात जास्त दिसणारी चूक पाहा. टूलबार_बनवा असं एक वेगळं फंक्शन लिहिलं जातं, त्याच्या आत संपादक हे साधं लोकल व्हेरिएबल, आणि कनेक्टला त्याचा पत्ता. टूलबार_बनवा संपलं की स्टॅकवरची ती जागा रिकामी झाली. बटण दाबलं जातं त्यानंतर कधीतरी, तेव्हा तिथे दुसऱ्याच कुठल्या फंक्शनचा पसारा असतो. वैताग असा की कधीकधी जुने बाइट तसेच शिल्लक राहतात, म्हणून तुमच्या मशीनवर चालतं आणि दुसऱ्याच्या मशीनवर कोसळतं. ऑप्टिमायझेशन वाढवलं की अचानक बिघडतं, आणि दोष कंपाइलरला दिला जातो.

डेटा किमान बटणाइतका जगला पाहिजे. एकाच विंडोचा प्रोग्राम असेल तर संपादक मेन मध्ये ठेवला तरी चालतो, कारण जीटीके_मेन परत येईपर्यंत मेन संपत नाही. एरवी जी_न्यू0 ने हीपवर घ्या आणि विंडो नष्ट होताना मोकळा करा.

याचंच धाकटं भावंड लूपमध्ये भेटतं. रंगांची आठ बटणं लूप फिरवून बनवायची आहेत, आणि प्रत्येकाला त्याचा क्रमांक द्यायचा आहे. आय या लूपच्या मोजणीच्या व्हेरिएबलचा पत्ता दिलात तर आठही बटणांकडे एकच पत्ता गेला. लूप संपल्यावर त्या जागेला अर्थही उरत नाही. क्रमांकासाठी पत्त्याची गरजच नाही. जीइंट_टू_पॉइंटर (आय) असं पाठवा आणि कॉलबॅकमध्ये जीपॉइंटर_टू_इंट ने परत घ्या. आकडाच पॉइंटरच्या वेषात जातो.

प्रत्येक बटणाला वेगळं स्ट्रक्चर द्यायचं असेल तर जी_सिग्नल_कनेक्ट_डेटा वापरा. ते डेटा मोकळा करणारं फंक्शनही मागतं आणि जोडणी तुटली की स्वतः बोलावतं. फ्री कुठे करायचं हा प्रश्न तिथेच मिटतो.

६. दाबलेलं राहणारं बटण

'ठळक' साठी जीटीके_टॉगल_टूल_बटन_न्यू वापरा, आणि सिग्नल क्लिक्ड नव्हे, टॉगल्ड. कॉलबॅकचा आकार क्लिक्डसारखाच, फक्त पहिल्या आर्ग्युमेंटचा प्रकार जीटीकेटॉगलटूलबटन. आत जीटीके_टॉगल_टूल_बटन_गेट_ॲक्टिव्ह विचारा आणि त्याप्रमाणे वागा. आपल्या मनाने 'आता चालू होतं, म्हणजे बंद झालं असेल' असा हिशेब ठेवू नका.

गोम पुढे आहे. टॉगल्ड हा सिग्नल माणसाने दाबल्यावरच सुटतो असं नाही. तुमच्या कोडने सेट_ॲक्टिव्ह करून स्थिती बदलली तरी सुटतो. संपादकात हे रोज घडतं. कर्सर ठळक शब्दावर गेला, तुम्ही बटण दाबलेलं दाखवायला सेट_ॲक्टिव्ह केलंत, त्याने टॉगल्ड सुटला, तुमच्या कॉलबॅकला वाटलं की वापरणाऱ्याने ठळक मागितलंय, आणि त्याने निवडलेल्या मजकुराला हात घातला. वापरणारा नुसता बाणाच्या कीने पुढे सरकत होता.

म्हणून कोडमधून स्थिती बदलण्याआधी जी_सिग्नल_हँडलर्स_ब्लॉक_बाय_फंक, बदलून झाल्यावर अनब्लॉक. हे फंक्शन कॉलबॅक आणि डेटा दोन्ही जुळवून बघतं, त्यामुळे जोडताना दिलेला तोच पॉइंटर इथेही द्या. नल दिलात तर काहीही ब्लॉक होत नाही आणि ते फंक्शन तक्रारही करत नाही. ते परत देतं तो आकडा म्हणजे किती जोडण्या जुळल्या. शून्य आलं तर समजा डेटा चुकला.

७. कॉलबॅकमध्ये रेंगाळू नका

कॉलबॅक चालू असताना मेन लूप थांबलेला असतो. विंडो पुन्हा रंगवणं, दुसरी बटणं, कीबोर्ड, सगळं त्याच लूपमधून चालतं. 'उघडा' च्या कॉलबॅकमध्ये प्रचंड फाइल वाचत बसलात तर विंडो करडी पडते आणि सिस्टिम 'हा प्रोग्राम प्रतिसाद देत नाही' म्हणून विचारू लागते.

काम तुकड्यात करता येत असेल तर जी_आयडल_ॲड: तुमचं फंक्शन लूप मोकळा असताना बोलावलं जातं, काम उरलं असेल तर जी_सोर्स_कंटिन्यू परत द्यायचं, संपलं की जी_सोर्स_रिमूव्ह. तुकडे पडत नसतील तर जीटास्क वापरून वेगळ्या थ्रेडमध्ये. पण त्या थ्रेडमधून जीटीकेचं एकही फंक्शन बोलावू नका, लेबल बदलायचंसुद्धा नाही. ते काम मेन थ्रेडकडेच.

एक आडवाट बऱ्याच ठिकाणी सुचवली जाते: कॉलबॅकच्या आतच जीटीके_इव्हेंट्स_पेंडिंग विचारत लूप फिरवत राहायचं. विंडो जिवंत दिसते खरी, पण वापरणारा तेवढ्यात तेच बटण पुन्हा दाबू शकतो आणि तुमचं फंक्शन स्वतःच्या पोटात पुन्हा सुरू होतं. मी तरी ही वाट नव्या माणसाला सांगत नाही. काम सुरू होताना जीटीके_विजेट_सेट_सेन्सिटिव्ह ने बटण बंद करा, संपल्यावर उघडा.

८. एक काम, तीन वाटा

'जतन करा' टूलबारवर असतं, मेनूत असतं आणि कंट्रोल-एस वरही असतं. तिघांना एकच कॉलबॅक जोडला तर पहिल्या आर्ग्युमेंटचा प्रकार प्रत्येक वेळी वेगळा, आणि बंद-चालू करताना तिन्ही जागा आठवणीने बदलाव्या लागतात. बटणं पाचाच्या पुढे गेली की जीसिंपलॲक्शन (नाव दिलेलं एक काम) कडे वळा. ॲक्शनचा ॲक्टिव्हेट सिग्नल एकदा जोडायचा (लक्ष द्या, आर्ग्युमेंट तीन: ॲक्शन, पॅरामीटर, डेटा), आणि बटणाला जीटीके_ॲक्शनेबल_सेट_ॲक्शन_नेम ने "विन.सेव्ह" असं नाव द्यायचं. ॲक्शन बंद केली की बटण आपोआप फिकं पडतं.

विंडो ग्लेड या आखणीच्या प्रोग्राममध्ये आखून ती फाइल जीटीकेबिल्डरने वाचत असाल तर जोडणी नावावरून होते. मग कॉलबॅक स्टॅटिक ठेवू नका, आणि लिंक करताना उणे-आरडायनॅमिक द्या. नाहीतर फंक्शन डोळ्यांसमोर लिहिलेलं असूनही सापडलं नाही म्हणेल.

९. बिघडलं तर कुठे बघायचं

बटण मुकं असेल तर आधी टर्मिनल. काहीच छापलेलं नसेल तर कनेक्टने परत दिलेला आकडा बघा. यशस्वी जोडणीचा क्रमांक नेहमी शून्याहून मोठा असतो.

वॉर्निंग दिसते पण कुठल्या ओळीतून आली ते कळत नाही, अशा वेळी जी_डीबग या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला फेटल-वॉर्निंग्ज ही किंमत देऊन प्रोग्राम जीडीबीत चालवा. पहिल्याच वॉर्निंगला तो थांबेल, तिथे बीटी टाइप केलं की कोणी कोणाला बोलावलं याची साखळी समोर येते. मोकळ्या केलेल्या हीपला हात लागत असल्याचा संशय असेल तर उणे-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस देऊन कंपाइल करा; डेटा कुठे मोकळा झाला आणि नंतर कोणी वाचला, दोन्ही जागा तो दाखवतो.

१०. जीटीके ४ वर जाताना

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या जीटीके ४ मधून टूलबार हे विजेट काढून टाकलं आहे. तिथे आडवा जीटीकेबॉक्स घ्यायचा, त्याला "टूलबार" हा स्टाइल क्लास लावायचा आणि त्यात साधी बटणं टाकायची. क्लिक्डचा आकार तोच राहतो, फक्त पहिलं आर्ग्युमेंट जीटीकेबटन होतं. टॉगल्ड, ब्लॉक-अनब्लॉक, डेटाच्या आयुष्याचे नियम, सगळं लागू. शो_ऑल लागत नाही, जीटीके_मेन च्या जागी जीटीकेॲप्लिकेशन येतं.

डिलीट-इव्हेंट मात्र गेला. त्याच्या जागी क्लोज-रिक्वेस्ट आहे आणि त्याच्या कॉलबॅकला तीन नव्हे, दोनच आर्ग्युमेंट मिळतात. सिग्नलचं नाव बदलून फंक्शन तसंच ठेवलंत, तर तिसऱ्या जागी काय येईल याचा नेम नाही, आणि कंपाइलर इथेही गप्पच राहील.